एका डझनातले पाच चाकू

खामगाव,
ता. ३ सप्टेंबर १९३४

ती. कडूबाभाऊ यांस शालिग्रामचा नमस्कार.

घरी सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर माझी कंबर धरली आहे, दुकानाचं छप्पर गळतंय, आणि तुमच्या भावजयीच्या मते दोन्हींत चूक माझीच आहे.

कामाचं लिहितो. कापसाच्या ज्या पेढीला आपले घडीचे चाकू दर हंगामाला जातात, तिथे नवे मॅनेजर आलेत. गाठीचं गोणपाट चिरून कापसाचा नमुना काढणाऱ्या माणसांकडून त्यांनी मागच्या वर्षीचे चाकू जमा केले, टेबलावर रांगेत मांडले आणि मला बोलावणं धाडलं. म्हणाले, "हे सगळे एकाच माणसाने केलेत?" मी हो म्हणालो. तर म्हणाले, "मग त्या माणसाचा हात रोज वेगळा चालतो."

 भाऊ, चाकू माझ्याच दुकानातून गेले होते, पण असे शेजारी शेजारी मांडून मी कधी पाहिले नव्हते. एकाचं पातं मिटलं की मुठीत बरोबर मधोमध बसतं, दुसऱ्याचं एका अंगाला घासून तिथे रेघ पडलेली. एक उघडायला नख तुटायची वेळ यावी, दुसरा नुसता झटकला तरी उघडतो. आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मागच्या माघात गाठी फोडणाऱ्या उकंडरावाच्या हातात एक चाकू काम चालू असतानाच मिटला. पातं धरून ठेवणारी पाठीची कमान सैल होती. बोट शाबूत आहे, पण ते आता वाकत नाही. तेव्हा मी तुम्हाला कळवलं नाही. वाटलं, एखादा नग असतोच असा.

मॅनेजरांच्या खिशात विलायती चाकू आहे. ते म्हणतात, दहा घ्या, दहाही एकसारखे. तुमचे तसे असतील तर तुमचे घेऊ, नसतील तर हे मागवू. हंगामाआधी त्यांना सहा डझन पाहिजेत, आणि त्यातला एक डझन नमुन्याला आत्ताच. हा डझन पसंत पडला नाही तर पेढीचं काम गेलं असं समजा. ते गेलं तर तुमच्या भट्टीला दुसरं काम किती आहे, ते मी लिहायला नको. वहिनींना नमस्कार.

आपला,
शालिग्राम

---

वडनेर भोलजी,
ता. १३ सप्टेंबर १९३४

चि. शालिग्राम यास कडूबाचे आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. हे आमच्या शाळेचे महादेवराव मास्तर लिहून देत आहेत. माझा अंगठा भाजला आहे, लेखणी धरवत नाही.

तुझं पत्र पोचलं. उकंडरावाचं ऐकून वाईट वाटलं. बोट कोणत्या हाताचं, ते तू लिहिलं नाहीस.

चाकू कमीजास्त झाले हे खरं असेल. मागच्या वर्षी पोलाद चांगलं मिळालं नाही. जुन्या गाड्यांच्या कमानी घेतल्या होत्या, त्यात एक नरम तर एक कडक. शिंगही ओलं होतं, वाळल्यावर मूठ आक्रसते आणि पातं एका अंगाला जातं. हे तुला सांगायला नको, तूही ऐरणीपुढे बसला आहेस. यंदा पोलाद एकाच गाडीचं घेतलं आहे.

डझन तयार आहे. मास्तरांचे साडू नांदुऱ्याहून गाडीने तिकडे येत आहेत, त्यांच्या हाती देतो. बघून घे आणि काय ते कळव. तुझ्या कंबरेला एरंडाचं पान शेकून बांध.

कडूबा

---

खामगाव,
ता. २१ सप्टेंबर १९३४

ती. कडूबाभाऊ यांस नमस्कार.

डझन मिळाला. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी दारातल्या उजेडात बसून मी बाराही चाकू बघितले. एकदा बघितले, चहा घेतला, आणि पुन्हा बघितले. मग त्यांचे दोन ढीग केले. एकात सात, एकात पाच.

आधी सातांचं सांगतो. चाकू डोळ्यासमोर धरला तर कमान आणि मुठीच्या आतला पत्रा यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा येत नाही. पातं मिटलेलं असो, अर्धं उघडलेलं असो की पुरतं, पाठीवरून बोट फिरवलं तर कमान कुठेही वर नाही, कुठेही खाली नाही. रिबिटाचं डोकं डोळ्यांना दिसत नाही आणि नखालाही लागत नाही. उघडताना सातही सारखाच जोर मागतात. मिटताना सातांचा आवाज एक. भाऊ, इतकं नेटकं काम तुमच्या ऐन उमेदीतही मी पाहिलेलं नाही. या वयात हे कसं साधलं, तुम्हीच जाणा.

आता पाचांचं. कमान केसभर वर आलेली. पातं डावीकडे झुकलेलं, आणि ते घासू नये म्हणून शिंग आतून खरवडून काढलेलं. रिबिटावर घालायचा घाव त्याच्या शेजारी पडलाय, एका मुठीवर तर दोनदा. दोन चाकू मी नुसते हलवले तर पातं खुळखुळलं. कृपा करून पोलादाचं कारण सांगू नका. दोन्ही ढिगांवर कानस मारून पाहिली, पोलाद एकच आहे. शिंगही एकाच म्हशीचं म्हणावं इतकं सारखं आहे. हा डझन दोन माणसांनी केलाय. तुम्ही कोणीतरी माणूस हाताखाली घेतला आहे आणि मला सांगितलेलं नाही.

घेतला त्याचा राग नाही. वय होतं, मदत लागते. राग याचा आहे की त्याचं काम तुम्ही आपल्या कामात मिसळून पाठवलं. उकंडरावाच्या हातात मिटला तो चाकू त्याच माणसाचा असणार. मी मॅनेजरांना फक्त सात दाखवले. ते बराच वेळ उघडझाप करत बसले आणि म्हणाले, सहा डझन असेच द्या, मग विलायतीचं नाव काढणार नाही.

मावसाजींचा, तुमच्या वडिलांचा, नियम तुम्हाला मी काय सांगणार? बिघडलेला चाकू विकायचा नाही, दुरुस्त करायचा नाही. पातं सांडशीत धरून मोडायचं आणि तुकडे ज्याने केला त्याच्याच हातात द्यायचे. माझ्या हातात त्यांनी तीनदा दिले, चौथी वेळ यायच्या आधी मी दुकान टाकलं. तुमच्या हातात त्यांनी कधी दिले नाहीत. तर तो नियम मी चालवला आहे. पाचही मोडले आणि तुकडे फडक्यात बांधून या पत्राबरोबर पाठवत आहे. त्या माणसाच्या हातात ठेवा आणि त्याला रजा द्या.

कडक लिहिलं असेल तर रागावू नका. मीही दमलोय. दिवसभर लोक येतात, भाव करतात, काही न घेता जातात.

शालिग्राम

---

वडनेर भोलजी,
ता. २७ सप्टेंबर १९३४

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

पत्र आणि फडकं दोन्ही मिळालं. पत्र मास्तरांनी ओसरीवर वाचून दाखवलं. तू सांगितलंस तसे तुकडे त्याच्या हातात ठेवले. तो बराच वेळ हातात घेऊन बसला होता.

त्याला रजा दे म्हणतोस. जुना माणूस आहे. उभा जन्म हेच केलं, दुसरं काही येत नाही. एकदम ऊठ म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्याकडून जुळवणी काढून घेतली आणि नुसतं शिंग कापायला दिलं तर चालेल का? की तेही नको? तू दुकानात बसतोस, चार कारागीर बघतोस, म्हणून विचारतो.

दुसरा डझन चालू आहे.

कडूबा

---

खामगाव,
ता. २ ऑक्टोबर १९३४

ती. कडूबाभाऊ यांस नमस्कार.

तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. शिंग कापायलाही नको. ज्याचा घाव रिबिटावर पडत नाही त्याची करवत रेघेवर कशी चालेल? आज शिंग द्याल, उद्या तो म्हणेल एवढी एक कमान बसवू द्या, आणि तुम्ही द्याल. त्याची दया येत असेल तर घरी बसवून जेवू घाला, पण भट्टीपुढे बसवू नका. पेढीचं काम सातांच्या जोरावर मिळालं आहे, त्या पाचांतला एकसुद्धा पुन्हा गेला तर तुमचं आणि माझं दोघांचंही नाव गेलं.

तुम्ही त्याचं नाव लिहिलं नाही. वडनेरातला असेल तर मला ओळखीचा असणार. नाव कळवा, मी त्याच्याशी बोलतो. तुमच्याने होत नसेल तर पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो आणि तुमच्यासमोर त्याला सांगतो. वाईटपणा मी घेतो, मला सवय आहे.

अंगठा अजून बरा झाला नाही का? तुमचं हेही पत्र मास्तरांच्याच अक्षरात आहे.

शालिग्राम

---

वडनेर भोलजी,
ता. ६ ऑक्टोबर १९३४

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

यायची तसदी घेऊ नकोस. नाव कळवतो. पाच चाकू करणारा माणूस मी आहे. अंगठ्याला काही झालेलं नाही.

दोन वर्षं झाली. आधी कडेचं दिसेनासं झालं. आता समोरचं दिसतं तेही बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच, आणि त्यावरही धूर. अकोल्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही, उरलंय तेही राहायचं नाही. त्यांनी थेंब दिले, ते घालतो. मास्तर आणि घरचे सोडले तर गावात कोणाला माहीत नाही.

सात चाकू तुझ्या वहिनीने, झुंबरने केले.

तुला ठाऊकच आहे, आपल्यात बाई भाता ओढते, घण मारते, कानस चालवते, पण पातं आणि कमान जुळवायला बसत नाही. ते बाप्याचं काम. आमच्या बापाने हेच केलं, मीही तेच केलं. वीस वर्षं तिने कमानी घासून दिल्या आणि मी त्या बसवल्या. डोळे गेल्यावर एक दिवस तिने माझ्या हातातून चाकू घेतला, अंगठ्याच्या नखाने पाठ चाचपली, तीन वेळा कानस मारली आणि परत दिला. चाकू बसला होता. त्यानंतर ती बसवायला लागली. मी नको म्हणालो नाही आणि हो पण म्हणालो नाही.

मी करतो तो चाकू मला बरोबरच लागतो, शालिग्राम. हे तुला सांगून पटणार नाही. बोटं सगळं जुनंच सांगतात. घाव घालतो, आवाज बरोबर येतो, वाटतं बसला. मिटवल्यावर कळतं. कधी कधी मिटवूनही कळत नाही, आणि हे त्याहून वाईट. उकंडरावाच्या हातात मिटला तो मी बरोबर समजूनच डझनात घातला असेल.

पार्सल बांधताना झुंबरने पाच चाकू बाजूला काढले. म्हणाली, "हे राहू द्या. हे मंग पाहू." मी भडकलो. म्हणालो, "काऊन राहू द्या? माह्ये हायेत म्हणून?" तिने पाचही परत त्यात ठेवले. मला वाटलं कोणाला कळणार नाही. पेढीच्या मॅनेजरला कळेल ही भीती होती, तुझी नव्हती. तू तर मला सांभाळून घेशील असं वाटलं होतं.

तुझ्यावर राग नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही मोडले असते. फडकं झुंबरने सोडलं आणि ती तुकडे घेऊन तशीच उभी राहिली. मीच म्हणालो, दे. बापाने आयुष्यात जे दिलं नाही ते तुझ्या हातून मिळालं.

तू लिहिलंस ते सगळं केलं आहे. शिंगही कापत नाही. आता फार दमल्यासारखं वाटतं, आणि काम तर काहीच नाही.

कडूबा

---

खामगाव,
ता. १० ऑक्टोबर १९३४

ती. कडूबाभाऊ यांस शालिग्रामचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला बसलो आहे. आधीची दोन फाडली. त्यांत मी फार शहाण्यासारखं लिहिलं होतं.

मला कळायला हवं होतं. मास्तरांचं अक्षर पाहून कळायला हवं होतं. तुम्ही "जुना माणूस आहे" लिहिलंत तेव्हा तर एखाद्या परक्यालाही कळलं असतं. पण खरं सांगतो भाऊ, बारा चाकू समोर असताना एकदाही मनात आलं नाही की वाईट ते तुमचे. वाईट चाकू आणि तुम्ही, हे दोन मला एकत्र ठेवताच आले नाहीत. म्हणूनच इतक्या बेफिकिरीने मोडले. आता सांडशी हातात घेतली की मला ते पाच आठवतात.

माझं ऐका. तुम्ही काम सोडू नका. दिवसाला एक करा, आठवड्याला एक करा. कसाही होऊ दे, तो माझ्याकडे पाठवा. मी विकणार नाही, पेढीला दाखवणार नाही. माझ्या घरी राहील, भाजी चिरायला होईल. पेढीला मी कडूबाचाच माल म्हणून सांगतो आणि सांगत राहीन, त्यात खोटं काय आहे?

आणि हे वहिनींना वाचून दाखवायला मास्तरांना सांगा. वहिनी, तुमचे सात चाकू पेढीवर पसंत पडले. मॅनेजर म्हणाले की त्यांच्या विलायती चाकूतही पाठीवर इतकं सपाट लागत नाही. तीस वर्षं मी चाकू विकतोय, इतका चांगला हात मी बघितला नाही. उरलेले सगळे असेच होऊ द्या.

काही कमीजास्त लिहिलं असेल तर लहान भाऊ समजून पोटात घाला.

शालिग्राम

---

वडनेर भोलजी,
ता. १९ ऑक्टोबर १९३४

रा. रा. शालिग्राम यांस,

हे पत्र झुंबरबाईंनी शाळेत येऊन सांगितलं आणि त्यांच्या तोंडून जसं आलं तसंच मी उतरवून घेतलं आहे. कडूबांना या पत्राची माहिती नाही. पुढचे शब्द बाईंचे.
महादेवराव मास्तर

भाऊजी, मी झुंबर.

दोन डझन गेलेत, पाह्यले असतीनच. बाकीचे दिवाईच्या पहिले देतो. तुमी काही फिकर करू नका.

त्यायचं सांगतो तुमाले. ते बरे हायेत. भाता वढतात. सकायी येऊन बसतात, मी म्हनलं थांबा का थांबतात, मी म्हनलं वढा का वढतात. वीस वर्सं ते मले असं म्हनत होते, आता मी त्यायले म्हनतो. मले तसं म्हनू वाटत नाही, पन लोखंड तं तापलं पायजे. बोलनं कमी झालं. जेवतात.

त्यायचे चाकू मांगू नका. तुमचं पत्र आलं त्या दिशी त्यायनं एक कराले घेतला होता. दिसभर लावला. मंग माह्या हाती देला आन् म्हनाले, "पाय बरं, कसा हाय?" आता मी काय म्हनू भाऊजी? चांगला म्हनलं तं त्यायले समजते का मी खोटं बोलून राह्यली. वाईट म्हनलं तं माह्या तोंडानं कसं म्हनू? मी म्हनलं, चुलीवर भाजी हाय, आन् उठून गेली. तुमच्या घरी भाजी चिराले चाकू नसन तं मी देतो, पन त्यायले तुमी इचारू नका.

आनखी एक सांगाचं होतं, म्हनून मास्तरापाशी आली.

तुमी ते मोडके तुकडे धाडले होते, त्याच्यासंगं पत्र होतं. त्यात पहिले लिवलं होतं का सात चाकू लय चांगले हायेत, इतकं नेटकं काम कधी पाह्यलं नाही. मास्तर वाचत होते, ते खाटेवर बसले होते, मी जवारी पाखडत होती. मले लगन होऊन आल्यापासून कोनं चांगलं म्हनलं नाही. ना सासऱ्यानं, ना त्यायनं. आपल्यात तसं म्हनतच नाहीत. ते ऐकलं आन् माह्ये हातच थांबले, भाऊजी. मले येवढी खुशी झाली का सूप खाली ठेवलं. मी त्यायच्याकडं पाह्यलं. वाटलं, आता तरी म्हनतीन का हिनं केले. तेवढ्यात मास्तरानं पुढचं वाचलं, पाचाचं. फडकं माह्या मांडीपाशीच पडलं होतं, ते मलेच सोडाव लागलं.

माहा नवरा हातात तुकडे घेऊन बसला होता आन् माह्या मनात अजून ते पहिलंच घुमत होतं. त्याची मले लाज वाटते. त्यायले नाही सांगतलं, तुमाले सांगून राह्यली.

आता तुमी परत लिवलं का असा हात पाह्यला नाही. तुमी चांगल्या मनानं लिवलं, मले समजते. मास्तर ते मोठ्यानं वाचत होते. ते ऐकत होते. मंग म्हनाले, "हाव, खरं हाय." आन् उठून भिताडाले धरत धरत बाहेर गेले.

म्हनून सांगतो. पुढं लिवसान तं नग किती पायजेत तेवढंच लिवा. चांगले झाले का वाईट झाले, ते काहीच लिवू नका. माह्यं बी नको. आमच्या घरी पत्र त्यायच्या समोरच वाचा लागते.